सातवी माळ, रंग हिरवा

कंपनीतल्या बायकांच्या ग्रुपवर काल सकाळी नऊ रंगांची यादी पडली आणि माझं डोकं फिरलं. दरवर्षी फिरतं. पितृपंधरवडा संपत आला, यवतेश्वरच्या डोंगरावरचं गवत पिवळं पडायला लागलं, पंख्याखाली बसूनही पाठीला कपडा चिकटायला लागला, की समजावं, आता यादी येणार. कुठल्या दिवशी पांढरा, कुठल्या दिवशी लाल, कुठल्या दिवशी करडा. खाली हात जोडलेले, फुलं, नाचणारी बाई आणि शेवटी एक ओळ: ‘लेडीज, यंदा पण धमाल करू या!’ त्या ‘पण’वर माझा विशेष राग आहे.

मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटीची मॅनेजर आहे. आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग बनतात आणि माझ्या सहीशिवाय माल फाटकाबाहेर जात नाही. एवढ्या मोठ्या कारखान्यात मॅनेजरच्या खुर्चीत बसणारी बाई मी एकटीच. या गोष्टीचं मला बरीच वर्षं कौतुक वाटायचं. आता त्रास होतो, आणि सगळ्यात जास्त तो या शरद ऋतूत होतो.

शरद म्हटलं की पुस्तकातल्या लोकांना चांदणं आठवतं. आठवू दे बापडे. चांदणं असतंही, नाही कोण म्हणतो, पण त्याआधी अख्खा दिवस काढायचा असतो. पाऊस उघडल्यावरचं ऊन डोक्यावर येऊन बसतं ते उठतच नाही. हायवेच्या कडेला सोयाबीन मळायला टाकलेलं, त्याचा धुरळा नाकातोंडात. फाटकाबाहेर झेंडूचे ढीग, त्यांच्यावर पाणी मारून मारून कुजका वास सुटलेला. कासला फुलं बघायला निघालेल्या गाड्यांची रांग आणि त्या रांगेत अडकलेली आमच्या शिफ्टची बस. कारखान्याच्या पत्र्याखाली तर दुपारी माणूस शिजायचा तेवढा बाकी असतो.

माझी स्टाइल कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, मशिननं शिकवली ती. सुती शर्ट, बाह्या कोपराच्या वर घट्ट दुमडलेल्या, पँट, पायात पुढं लोखंड घातलेले बूट, केस बांधून टोपीत. बांगडी नाही, अंगठी नाही, गळ्यातलं शर्टाच्या आत. जिथं लोखंड गरागरा फिरत असतं तिथं पदर, ओढणी, सैल बाही यातलं काही चालत नाही. हा नियम शॉपच्या, म्हणजे मशिनं चालतात त्या शेडच्या, दारावर लाल अक्षरात लिहिलेला आहे आणि तो अगदी बरोबर आहे. सुरुवातीला सासरच्या एकदोघींनी नाकं मुरडली, ‘पोलिसात लागल्यासारखी दिसतीस’ म्हणाल्या. मी हसून सोडून दिलं. त्या कपड्यांत मला माझं अंग माझं वाटायचं. मशिनखाली वाकता यायचं, जिना धावत चढता यायचा, खिशात मापाचा गेज ठेवता यायचा. यापेक्षा कपड्यांनी माणसासाठी आणखी काय करायचं असतं?

आणि हाच कारखाना नवरात्र आलं की मला साडी नेसायला लावतो.

साडी नेसलेल्या बाईला शॉपमध्ये पाऊल टाकता येत नाही. नियम! म्हणजे नऊ दिवस मी माझ्याच खात्यात पाहुणी. दारात उभं राहून आत वाकून बघायचं आणि पोरांना हाका मारायच्या. नाहीतर स्टोअरच्या मागच्या खोलीत जाऊन फोटोला साडी, कामाला पँट, जेवणानंतरच्या रीलला परत साडी, असं नाटकातल्या नटीसारखं कपडे बदलत राहायचं. त्यात गेलेला वेळ कुणी परत देत नाही. काम होतं तेवढंच असतं, ते संध्याकाळी वाट बघत बसलेलं असतं. मग घरी उशीर. आमच्या घटाला पाणी घालायचं काम गेली कित्येक वर्षं माझा नवरा करतो. तो शाळेत शिक्षक आहे, सहामाही परीक्षेचे गठ्ठे त्याच्याही टेबलावर असतात, तरी करतो. त्याला कुणी रंगांची यादी पाठवत नाही. आमच्या कारखान्यातल्या पुरुषांनाही नाही. त्यांनी रोजच्या शर्टात यायचं आणि आमचे फोटो काढायचे.

तीन वर्षांपूर्वी यादीच्या जोडीला एक व्याख्यानही आलं. ‘शरदातली ती: स्टाइल आणि समतोल.’ पुण्याहून एक बाई आल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांना जे शिकवलेलं ते त्या गोड आवाजात सांगत होत्या. पडद्यावर एक रस्ता, दोन्ही बाजूंना लालभडक झाडं, खाली पानांचा सडा, आणि गुडघ्यापर्यंत बूट घातलेली एक बाई हातात कॉफीचा पेला घेऊन चाललेली. “ऑटम आला की आपल्या कपाटातही ऋतू बदलू द्या,” बाई म्हणाल्या. “मातीचे रंग वापरा. हलकं जॅकेट, गळ्याशी स्कार्फ. थोडं लेयरिंग करा.” हॉलमधला एसी बंद पडला होता. आम्ही सगळ्या मिळेल त्या कागदानं वारा घेत होतो. कँटीनची एकजण पुटपुटली, “ह्या उन्हात जाकीट? मरायचं हाय व्हय?”

मग समतोल आला. कामाचा ताण घरी नेऊ नका, घरचा ताण कामावर आणू नका, दोन्ही पारडी सारखी ठेवा, आणि रोज काही मिनिटं फक्त स्वतःसाठी राखा. मी हात वर केला. म्हटलं, “ही मिनिटं कुणाच्यातून कापायची? कारखान्याच्या की घरच्या?”

“झोपायच्या आधीची घ्या ना, मॅडम,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे माझ्याचमधून.”

हॉल हसला. पहिल्या रांगेतून आमचे प्लँटचे साहेब मागं वळून म्हणाले, “वैशाली मॅडमना सगळीकडं डिफेक्टच दिसतो!” हॉल आणखी हसला. मीही हसले. त्या हसण्याचा राग मला अजून येतो.

पडद्यावरची ती पानगळ बघताना मला आमची बाग दिसत होती. माझं माहेर पलूसजवळच्या एका गावात. तिथं आमची द्राक्षबाग होती. आपल्याकडं शरदात कुठल्या झाडाची पानं गळत नाहीत. उलट पावसानं सगळं हिरवंगार माजलेलं असतं. पानगळ आमच्याकडं करावी लागते, तीही हातानं. छाटणीच्या आधी वेलींची पानं काढून टाकायची, मग टोळी येते, पिकलेल्या काड्या बरोबर डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी, छाटते, मग त्या डोळ्यांना फूट यावी म्हणून औषधाची पेस्ट लावायची. ऑक्टोबर छाटणी म्हणतात तिला. दिवस ठरला की ठरला. टोळीला पुढच्या गावची बाग असते, ती कुणासाठी थांबत नाही. कापलेल्या ओल्या काड्यांचा तुरट वास दिवसभर हातांना राहतो. उघड्या झालेल्या बागेत जमिनीवर ऊन पडतं, तेव्हा वर्षभर सावलीत राहिलेली माती वेगळीच दिसते.

आणि त्या बागेत माझी आई. नऊवारीवर अण्णांचा मिलिट्रीचा शर्ट. अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन आले. ते गेल्यालाही आता बराच काळ लोटला. त्यांचे हिरवट रंगाचे शर्ट आईनं वापरून वापरून पार मऊ केले. आमच्याकडं रानात जाणारी प्रत्येक बाई अंगावर घरातल्या कुणातरी गड्याचा जुना शर्ट चढवते. उसाच्या पात्यानं हात कापू नयेत, उन्हानं कातडी भाजू नये, औषध अंगावर उडू नये, एवढंच त्यामागचं शास्त्र. डोक्याला टॉवेल गुंडाळायचा, शर्टाची वरची गुंडी लावायची, बाह्या मनगटापर्यंत. पुण्याच्या बाईंच्या भाषेत हेच लेयरिंग. मी फोनवर आईला तो शब्द सांगितला तर म्हणाली, “तिला म्हणावं, रानात ये. लय शिकीवतो.”

बाग लावली त्याच वर्षी माझं लग्न झालं होतं. पहिल्या छाटणीला अण्णांनी मला साताऱ्याहून बोलावून घेतलं, हातात कात्री दिली आणि टोळीसमोर जाहीर केलं, “पहिली काडी लेकीनं कापायची. लेकीचा हात लागला की बाग फुटती.” पहिल्या ओळीच्या तोंडाशी, मोटारीच्या खोलीला लागून जो वेल होता, तो माझा. तेव्हापासून दर शरदात मी गेले आणि पहिली काडी कापली. गरोदर असताना गेले, नोकरी बदलली तेव्हा गेले, अण्णा गेल्यावरही गेले. मग आईच्या हातची शेंगदाण्याची आमटी आणि भगर, ओट्यावर बसून गप्पा, आणि दुसऱ्या दिवशी परत. वर्षातला तो एक दिवस मला कुणी राखून ठेवायला शिकवला नव्हता.

त्या वर्षीची छाटणी शेवटची होती. बाग म्हातारी झाली होती, लाकडं किडली होती, माल उतरला की काढून टाकायची असं आईनं आणि माझ्या चुलतभावानं ठरवलं होतं. आई फोनवर एवढंच म्हणाली, “औंदा सातव्या माळेला हाय बघ छाटणी. ये. परत न्हाई आता.” आई नवरात्रातले दिवस माळांनी मोजते. घटावर रोज एक माळ चढते, तिसरी माळ, पाचवी माळ. ग्रुपवरच्या यादीत सातव्या दिवसापुढं हिरवा होता. मी आधीच रजा टाकली, ती मंजूरही झाली.

सहाव्या माळेला आमच्या ऑफिसातली रेवती माझ्या टेबलाशी आली. चांगली मुलगी आहे, कामसू आहे, वरून येईल ते खाली सांगणं हे तिचं काम. म्हणाली, “मॅडम, उद्या हेड ऑफिसचे पाहुणे येणार आहेत. गेटवर सगळ्या लेडीजचा ग्रुप फोटो आहे. तुम्ही रजेवर आहात ना...”

“उद्या काही काम निघालंय का?”

“काम नाही मॅडम. फोटो.”

मी साहेबांकडं गेले. ते खरंच शांतपणे बोलले. म्हणाले, “तुमचं काम असिस्टंट बघेल की. कामाचा प्रश्नच नाही.”

“मग प्रश्न कशाचा आहे?”

“अहो, मॅनेजर लेव्हलला बाई तुम्ही एकच. फोटोत तुम्ही नसलात तर कसं दिसेल?”

हे वाक्य मी तीन वर्षं चघळते आहे. माझ्या कामावाचून त्यांचं भागत होतं. माझ्या दिसण्यावाचून भागत नव्हतं. इतकी वर्षं गेज हातात घेऊन, तेलात हात बुडवून, रात्रपाळ्या काढून मी त्या खुर्चीत बसले, ती कशासाठी, तर रांगेत मधोमध हिरवी साडी नेसून उभी राहायला. “सकाळी साडेनऊला फोटो, दहाला तुम्ही गाडीत,” साहेब म्हणाले. वाद घातला तर रजाच जाईल, असा हिशोब मी केला आणि हो म्हटलं. आईला सांगितलं, दुपारपर्यंत येते, टोळीला जरा थोपवून धर.

सकाळी आम्ही सगळ्या फाटकाशी. मागं मोठा बॅनर, त्यावर गुलाबी अक्षरं: ‘ती साधते समतोल.’ खाली रांगोळी, रांगोळीत कोणीतरी गिअर काढलेला. पोपटी, शेवाळी, बाटलीच्या काचेसारखा, मिळेल तो हिरवा नेसून आम्ही उन्हात उभ्या. झाडलोट करणाऱ्या बायकाही हौसेनं आल्या होत्या. त्यांचा कंत्राटदारानं दिलेला गणवेश निळा, आणि घरी जाऊन बदलायला त्यांना कोण सोडणार? रंग जुळत नाही म्हणून त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. त्या हसत हसत बाजूला झाल्या आणि झाडू घेऊन आमच्यासमोरच अंगण झाडायला लागल्या. त्यातल्या एकीनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली नाही, पण बोलले मात्र काही नाही.

पाहुण्यांचा पत्ता नव्हता. वाटेत देवदर्शनाला थांबले होते म्हणे.

आईचा फोन आला. “निघालीस का?”

“निघतेच आता.”

थोड्या वेळानं परत. “टोळीनं लांबच्या टोकाकडनं धरलीया. पयली वळ तुझ्यासाठी ठिवलीया.”

“आले, आले.”

ऊन चढलं. रेशमी साडीच्या आत घामाचे ओघळ. कोणीतरी मठ्ठा आणून दिला. फोटोवाला सावलीत बसून मोबाईल बघत होता. पाहुणे आता देवळातून निघाले, मग नाश्त्याला थांबले, मग पेट्रोल भरताहेत, असं रेवती येऊन येऊन सांगत होती आणि दर वेळी म्हणत होती, “पाचच मिनिटं, मॅडम.” आईचा तिसरा फोन आला. “मदलं समदं झालं बघ. शालन म्हणतीया, आता किती वेळ ठिवू?” शालन ही टोळीची मुकादम.

मग आईचे फोन यायचे थांबले. ते थांबले आणि मला कळलं की आता ती विचारणार नाही. ती कधीच दोनदापेक्षा जास्त विचारत नाही, त्या दिवशी तीनदा विचारलं होतं. मी पर्स उचलली आणि चालायला लागले.

“मॅडम, पाचच मिनिटं!”

“ही पाच मिनिटं सकाळपासून चालू आहेत, रेवती.”

साहेब पुढं आले. चारचौघांत आवाज चढवायचा नाही म्हणून हसून म्हणाले, “अहो मॅडम, जरा समतोल ठेवा!” सगळ्या बायका हसल्या, साहेबांचं हसणं संपेपर्यंत. मी गाडीत बसले, दार आपटलं, आणि कऱ्हाड येईपर्यंत एकटीच मोठमोठ्यानं बोलत होते. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. फौजी बापाची लेक आहे, शिव्या मला येतात.

बागेत पोचले तेव्हा उन्हं कलली होती. सगळी बाग उघडी पडली होती. ओळीच्या ओळी बोडक्या, खाली कापलेल्या काड्यांचा खच. टोळीच्या बायका बांधावर चहा पीत बसल्या होत्या, सगळ्यांच्या अंगात कुणाकुणाचे शर्ट. पहिली ओळसुद्धा झाली होती. फक्त तोंडाचा एक वेल काड्या पसरून तसाच उभा होता आणि त्याच्याखाली उपड्या क्रेटवर आई बसली होती. मांडीवर कात्री.

शालन हसत म्हणाली, “ताई, आमी म्हणलं उरकून टाकू. तुमच्या आईनं कात्री उगारली की वं आमच्यावर.”

“एवढा एकच ऱ्हायला,” आई म्हणाली. “ह्याला हात लावू दिला न्हाई.” नवरात्राचा उपास, पोटात चहाशिवाय काही नाही आणि म्हातारी दुपारभर एका वेलावर राखण बसली होती. मला उशीर का झाला ते तिनं विचारलंच नाही. माझ्या साडीकडं बघून म्हणाली, “आज कुठला रंग हाय तुमचा?”

“हिरवा.”

तिनं आपल्या अंगातल्या शर्टाकडं बघितलं. उडालेला, डागाळलेला, पण होता हिरवाच. “मग मी बी हायच की तुमच्यात,” म्हणाली आणि हसली. मग गुंड्या सोडून तिनं तो शर्ट मला दिला. “घाल. चांगली साडी हाय. डाग पडला तर जायाचा न्हाई.”

साडीवर तो शर्ट घालून मी कात्री हातात घेतली. काडी धरायच्या आधीच ती हवेत दोनदा कचाकच दाबली. आईनं ते पाहिलं.

“कुणावर रागावलीस?”

“सगळ्यांवर.”

“असूंदे. पर काप नीट. रागानं दाबलं की काडी चेंगरती.”

मी नीट कापली. त्या बागेची शेवटची काडी होती ती, माझ्या हातची. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. कापलेल्या टोकाशी पाण्याचा थेंब जमला, तो शर्टाच्या बाहीवर पडला. शर्टाला आईच्या घामाचा, औषधाचा आणि पेटीतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. आयुष्यात एवढा बरा बसलेला कपडा मी दुसरा घातलेला नाही.

चार दिवसांनी कंपनीच्या भिंतीवर तो फोटो लागला. मोठा, चकचकीत, ‘ती साधते समतोल’सकट. मी चहा घ्यायला निघाले होते, सहज नजर गेली आणि पाय थांबले. फोटोत मधोमध मी उभी होते. हिरव्या साडीत, हसत.

आधी मला वाटलं, उन्हानं माझं डोकं फिरलंय. मग जवळ जाऊन बघितलं. क्वालिटीची बाई आहे, डिफेक्ट दिसतोच. ती आदल्या वर्षीची मी होते. पिवळ्या रंगाच्या दिवशीची. संगणकावर कापून मला रांगेत बसवलं होतं आणि साडीत हिरवा भरला होता, पण काखेखाली पदराची एक कड पिवळीच राहिली होती. रेवतीला विचारलं तर ती घाबरली. म्हणाली, “साहेब म्हणाले, जागा मोकळी दिसतीय, भरून टाका. दहा मिनिटांचं काम होतं मॅडम.”

दहा मिनिटांचं काम! माझी आई दुपारभर क्रेटवर बसली होती. टोळी खोळंबली होती. आणि मी तिथं असण्याची गरजच नव्हती, ना कामासाठी, ना फोटोसाठी. साहेबांना मी सांगितलं, तो फोटो काढा. ते म्हणाले, “अहो, तुम्हाला घेतलंच की! सोडलं का?” वर्षाच्या शेवटी माझ्या कामाच्या शेऱ्यात ‘उत्तम’च्या पुढं एक वाक्य आलं, मॅडम थोड्या भावनिक आहेत. फोटो अजून भिंतीवर आहे.

दिवाळीत तो मोबाईलवर आईला दाखवला. तिनं हात लांब करून बघितला, डोळे बारीक केले. “ही तू न्हवंस.”

“मीच आहे की गं. बघ ना नीट.”

“ह्यो चष्मा तुझा गेल्या दिवाळीला फुटला. हितंच, ह्या वट्यावर. आन् त्या दिशी तू माझ्या म्होरं हुतीस.” फोन माझ्या हातात देऊन ती लाडू वळायला गेली. एवढ्या माणसांनी रोज बघितलेल्या फोटोचं इन्स्पेक्शन तिथं संपलं.

माल उतरल्यावर बाग निघाली. लाकडं गेली, तारा गेल्या, चुलतभावानं ऊस लावला. पुढच्या शरदात यादी आली, रंग आले, घट बसले, पण सातव्या माळेला मला कुठंच जायचं नव्हतं. मी साडी नेसले नाही, पँट-शर्ट घालून शॉपमध्ये दिवसभर काम केलं. फोटोत होतेच. कुणी बसवलं असेल ते असो, गुलाबी रंगात छान दिसत होते.

तोवर आईनं घरापुढं एक वेल लावला होता. एकच. मांडव घातला, आळं केलं, जवळ कुणाला फिरकू दिलं नाही. गावातले लोक थट्टा करतात, एका वेलाची बागाईतदारीण म्हणतात. यंदा त्याची पहिली छाटणी. काल यादी आल्यावर डोकं तापलेलं असतानाच तिचा फोन आला. “सातवी माळ धरलीया,” म्हणाली. “तुझी कात्री धार लावून ठिवलीया.”

मी भांडणाच्याच पवित्र्यात होते, तिच्यावरच घसरले. “एका वेलासाठी कशाला एवढा खटाटोप करतेस या वयात? दहा रुपड्यांची द्राक्षं तरी येणार आहेत का त्याला?”

आई म्हणाली, “द्राक्षं कुणाला पायजेत? तुला यायाला निमित्त लागतंय न्हवं. तुझ्या अण्णास्नी म्हाईत हुतं ते. लेकीच्या हातानं बाग फुटत न्हाई गं, बाग अशीबी फुटती.”

मी फोन ठेवला. इतकी वर्षं मी समजत होते की मी बागेसाठी जाते. अण्णांनी एवढ्या लोकांसमोर खणखणीत खोटं सांगितलं होतं आणि आईनं ते एवढी वर्षं सांभाळलं होतं, कारण नुसतं ‘ये’ म्हटलं तर मला सुटी मिळणार नाही, मिळाली तरी मी ती घेणार नाही, हे त्या दोघांना ठाऊक होतं. मला भयंकर राग आला आहे. पुण्याच्या बाईंचा, साहेबांचा, त्या गुलाबी अक्षरांचा. ज्यांना मी असले काय, नसले काय, नुसता रंग भरला की चालतं, त्यांना मी वर्षाचे सगळे दिवस देते. आणि जिला मीच लागते, तिला माझा एक दिवस मिळवायला दारात वेल लावून वाढवावा लागतो.

आईचा शर्ट माझ्याकडंच आहे, त्या दिवसापासून. आज धुऊन वाळत घातला आहे. संध्याकाळी रेवतीचा निरोप आला, “मॅडम, सातव्या दिवशी ग्रुप फोटो, प्लीज नक्की या.” मी उत्तर पाठवलं: रेवती, मी त्या दिवशी येणार नाही. मागच्यातली कुठलीतरी मी काढ आणि जो असेल तो रंग भर. फक्त चष्मा नवा बसव. माझी आई ओळखते.